दुमजली रेल्वे डबे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइंग राणीचे दुमजली डबे गेले, कोकणातली डबल डेकरही गेली, तरी गाड्यांच्या गर्दीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "मग दोन मजले का करत नाहीत?" त्याच प्रश्नाची ही वेगवेगळी रूपं आणि त्यांची उत्तरं.

दुमजली डबा म्हणजे साध्या डब्याच्या डोक्यावर चढवलेला आणखी एक डबा का?

नाही. तसं केलं तर पहिल्याच पुलाखाली छप्पर अडकेल. खरी करामत खालच्या बाजूला असते. साध्या डब्याची जमीन रुळांपासून साधारण सव्वा मीटर उंच असते, कारण तिच्याखाली चाकं आणि बरंच सामान असतं. पण चाकं डब्याच्या दोन टोकांना असतात, मधला भाग मोकळा असतो. दुमजली डब्यात या मधल्या भागात जमीन खाली, जवळजवळ रुळांपर्यंत उतरवतात आणि छत थोडंसं उचलतात. एवढ्यात दोन मजले बसवायचे असतात. वरचा मजला हा चाळीतल्या खोलीच्या पोटमाळ्यासारखा: जागा वाढते, पण मान सांभाळावी लागते.

म्हणजे डब्यात खरं तर तीन पातळ्या असतात. दोन्ही टोकांना, चाकांच्या वर, नेहमीच्या उंचीची मधली पातळी, आणि तिथून काही पायऱ्या वर, काही पायऱ्या खाली. कपूरथळ्याच्या रेल कोच फॅक्टरीने 2020 मध्ये ताशी 160 किमी वेगासाठी जो वातानुकूलित दुमजली डबा काढला, त्याची आसनं बघा: वर 50, खाली 48 आणि टोकांच्या मधल्या पातळीवर 22 (एका बाजूला 16, दुसऱ्या बाजूला 6). एकूण 120.

दोन मजले असून आसनं दुप्पट का होत नाहीत?

एलएचबीच्या, म्हणजे जर्मन रचनेवर बेतलेल्या नव्या पद्धतीच्या, साध्या एसी चेअर कारमध्ये 78 आसनं असतात. तिथून 120 म्हणजे दीडपट. उरलेली जागा जिने खातात. शिवाय साध्या डब्याच्या पोटाखाली टांगलेलं सगळं सामान, बॅटऱ्या, पाण्याच्या टाक्या, विजेची यंत्रणा, आता कुठे ठेवायचं? पोटाखाली तर प्रवासी बसलेत. मग ते टोकांना, छताच्या कोपऱ्यांत, जिथे जागा सापडेल तिथे कोंबावं लागतं. दुमजली डब्याचं डिझाइन म्हणजे निम्मं हेच भांडण असतं.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

फलाटाची लांबी आणि मार्गावरची जागा वाचवण्यासाठी. 1,200 माणसं बसवून न्यायची तर दुमजली डबे दहा लागतात, साधे चेअर कार सोळा. गाड्या वाढवायला मार्गावर वेळ शिल्लक नसेल आणि डबे वाढवायला फलाट पुरत नसेल, तर एकच दिशा उरते, वर. ज्या देशांनी दुमजली गाड्या मनापासून स्वीकारल्या त्यांच्याकडे हीच अडचण होती. हौस म्हणून कोणी केल्या नाहीत. आपल्याकडे मात्र डबल डेकर म्हटलं की उद्घाटन, हार, फुगे आणि "पर्यटकांसाठी आकर्षण" असली भाषा येते. माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो.

ही कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली?

पॅरिसच्या उपनगरी गाड्यांवर 1850 च्या दशकात छतावर बाकडी टाकलेले डबे धावत होते. वरचा मजला उघडा असायचा, आणि इंजिन वाफेचं. धूर, ठिणग्या, काजळी, सगळं वर बसलेल्यांच्या वाट्याला.

आपणही फार मागे नव्हतो. मुंबई-गुजरात मार्गावरच्या बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेने 1860 च्या दशकातच तिसऱ्या वर्गासाठी दुमजली डबे आणले होते. तिसऱ्या वर्गाची गर्दी आवरत नव्हती, हेच कारण. म्हणजे आजचा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे आणि तेव्हाही उत्तर हेच सुचलं होतं.

आधुनिक रूप बरंच पुढचं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड रेल रोडने 1932 मध्ये दुमजली डबा चालवून पाहिला. 1936 मध्ये जर्मनीत हॅम्बुर्ग आणि ल्युबेक यांच्यामध्ये एक देखणी, सुव्यवस्थित दुमजली गाडी सुरू झाली. तिचे दोन डबे मध्ये एकाच चाकांच्या सांगाड्यावर टेकलेले होते आणि इंजिन मागे असलं तरी चालक पुढच्या टोकाच्या केबिनमधून गाडी हाकू शकत होता. युद्धानंतर पूर्व जर्मनीत ग्योर्लिट्झच्या कारखान्याने दुमजली डब्यांची परंपराच उभी केली. आज जर्मनीत शिकायला गेलेली आपली मुलं ज्या लाल प्रादेशिक गाड्यांचे फोटो पाठवतात, त्यातल्या पुष्कळशा या घराण्यातल्या.

शिकागोची गोष्ट वेगळी आहे. 1950 पासून तिथल्या बर्लिंग्टन रेल्वेने जे डबे आणले त्यात वरचा मजला मधोमध उघडा आहे. दोन्ही बाजूंना सज्जा, त्यावर एकेक आसन, आणि मध्ये पोकळी. त्यामुळे तिकीट तपासनीस खाली उभा राहूनच वरच्या प्रवाशांची तिकिटं बघू शकतो. जिने चढायचे कष्ट वाचले. डब्याचं डिझाइन टीसीच्या सोयीनं ठरल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असावं.

महाराष्ट्रात दुमजली गाड्या केव्हा होत्या?

मुंबई-पुण्याच्या सिंहगड एक्स्प्रेसला एके काळी दुमजली डबे होते. खंडाळ्याच्या घाटातून, बोगद्यांतून ते जात-येत. तेव्हा "आपल्या बोगद्यांत दुमजली डबा मावणारच नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती फ्लाइंग राणी. सुरत आणि मुंबई सेंट्रल यांच्यामधल्या या गाडीला डिसेंबर 1979 मध्ये दुमजली डबे लागले आणि जुलै 2023 पर्यंत राहिले. पुढे तिला एलएचबी डबे आले. त्रेचाळीस वर्षं एखाद्या गाडीने दुमजली डबे टिकवावेत हे आपल्याकडे दुर्मीळ. टिकले, कारण गाडीचं काम त्या डब्यांना साजेसं होतं. सकाळी मुंबईकडे, संध्याकाळी परत. चार-पाच तासांचा बैठा प्रवास. वापी-वलसाडकडचे पासधारक, हातात एक डब्याची पिशवी, बाकी सामान नाही.

त्या डब्यांना एसी नव्हता. खालच्या मजल्यावरची खिडकी जवळजवळ फलाटाच्याच पातळीला यायची. गाडी स्टेशनात शिरली की आधी फलाटाची दगडी कड डोळ्यांसमोरून सरकायची, मग चपला, पाय, चहावाल्याच्या किटलीचं बूड. चहा घ्यायचा तर चहावाल्याला वाकावं लागे. गाडी पळायला लागली की रुळांवरची धूळ थेट आत. उन्हाळ्यात सुरतेहून निघालेला पांढरा शर्ट मुंबईला पांढरा उतरेलच असं नव्हतं. तरी रोजच्यांच्या जागा ठरलेल्या असत आणि खाली बसणारे खालीच बसत.

एसी डबल डेकर कधी आल्या?

कपूरथळ्याने 2010 मध्ये एलएचबीच्या धर्तीवरचा पहिला वातानुकूलित दुमजली डबा तयार केला. ऑक्टोबर 2011 मध्ये हावडा-धनबाद ही पहिली गाडी धावली. पुढच्या वर्षी दिल्ली-जयपूर आणि अहमदाबाद-मुंबई सेंट्रल, 2013 मध्ये चेन्नई-बंगळुरू. भोपाळच्या हबीबगंजहून इंदूरला आणि हैदराबादच्या काचीगुडाहून आंध्रात सोडलेल्या गाड्या प्रवासी मिळेनात म्हणून बंद कराव्या लागल्या. मुंबई-अहमदाबाद आणि चेन्नई-बंगळुरूकडे मात्र प्रवाशांनी पाठ फिरवली नाही.

यादी नीट पाहिली तर कोणती जगली आणि का, हे दिसतं. दोन मोठी शहरं, मध्ये सहा-सात तास, दिवसाचा प्रवास, कामासाठी जाणारी माणसं. यातलं एक जरी हललं तरी दुमजली गाडी रिकामी पळू लागते.

मग कोकणातली डबल डेकर का चालली नाही?

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण "कोकणी माणसाला एसी परवडत नाही" असं एका वाक्यात उरकलं जातं आणि ते चुकीचं आहे.

2014 च्या गणपतीत लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोव्यातल्या करमळीपर्यंत एसी डबल डेकर सोडली, पण प्रीमियम भाड्याने. म्हणजे मागणी वाढेल तसं भाडं वर. गणपतीला गावी जाणारं कुटुंब चार-पाच जणांचं असतं. त्याने हिशेब केला आणि एसटी किंवा खासगी गाडी धरली. बाकीच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही आणि ही गाडी मात्र बरीचशी रिकामी, असं चित्र त्या हंगामात दिसलं. चूक भाड्याची होती. बदनाम झाला डबा.

2015 च्या अखेरीस तीच गाडी नेहमीच्या भाड्याने मडगावपर्यंत सुरू झाली. आता मुद्दा भाड्याचा राहिला नाही, पण दुसरे निघाले. एक तर दहा-बारा तासांचा प्रवास आणि पावसाळी वेळापत्रक लागलं की त्याहून जास्त. एवढा वेळ ताठ खुर्चीत बसायचं? त्याच मार्गावर पाठ टेकायला बर्थ देणाऱ्या गाड्या आहेत. दुसरं म्हणजे सामान. गावाहून परतणारा चाकरमानी रिकाम्या हाताने येत नाही. आंब्याची पेटी, तांदळाचं पोतं, फणस, कोकमाची बरणी, नारळ. दुमजली डब्यात छत जवळ असल्यामुळे वरची फळी अगदी अरुंद असते. तिच्यावर लॅपटॉपची बॅग राहते, आंब्याची पेटी नाही. आसनाखाली मावत नाही, जिन्यावर ठेवली तर चढणाऱ्याच्या नडगीला लागते. मग ती पेटी दाराजवळच्या मोकळ्या जागेत, आणि दर स्टेशनला उतरणारे तिच्यावरून उड्या मारत.

नंतर ही गाडी साध्या एलएचबी डब्यांवर गेली. बरं झालं, असंच म्हणेन. तीच डबल डेकर पुण्याकडे किंवा नाशिककडे लावली असती तर कदाचित वेगळं घडलं असतं.

मुंबईच्या लोकलला दोन मजले का करत नाहीत?

कारण लोकल बसायची गाडी नाही, उभं राहायची आहे. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात, असं रेल्वेचाच आकडा सांगतो. दुमजली डब्यात बसायला जागा वाढते, पण उभं राहायची जागा घटते. वरच्या मजल्यावर खुर्च्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत कितीजण उभे राहणार? आणि दाराशी, जिथे आज सर्वात जास्त माणसं मावतात, तिथे जिने येणार.

त्याहून मोठं कारण वेळ. लोकल स्टेशनात अर्धा मिनिटही थांबत नाही. दादरला त्या अवधीत एका डब्यातून किती माणसं उतरतात आणि किती चढतात ते आठवा. आता त्यातली निम्मी जिन्याच्या वर किंवा खाली आहेत अशी कल्पना करा. उतरणारा वरून येतोय, चढणारा वर जातोय, जिना एक माणूस जाईल एवढा. प्रत्येक थांब्याला अर्धं मिनिट जरी वाढलं तरी मागची लोकल सिग्नलला उभी. एका गाडीत जास्त माणसं बसवून तासाला गाड्याच कमी धावल्या, तर मिळवलं काय?

ब्रिटनने हा धडा 1949 मध्येच घेतला. ऑलिव्हर बुलेड या अभियंत्याने लंडनच्या उपनगरी मार्गासाठी दोन दुमजली गाड्या बनवल्या. तिथले पूल आणि बोगदे इतके ठेंगणे की दोन मजल्यांवरची आसनं एकमेकांत गुंतवून बसवावी लागली. गर्दीत चढ-उताराला वेळ लागू लागला आणि पुढे डबे वाढवून लांब गाड्या चालवणंच बरं असं ठरलं. त्या दोन गाड्या 1971 पर्यंत धावल्या. तिसरी बनली नाही.

पण सिडनीत आणि पॅरिसमध्ये तर दुमजली लोकल आहेत!

आहेत. सिडनीत 1964 पासून आहेत. पॅरामॅटाकडे राहणारी मराठी मंडळी रोज त्यानेच शहरात जातात. पण तिथलं अंतर लांब, स्टेशनं त्या मानाने कमी आणि बसून जाण्याची अपेक्षा. तरीही गर्दीच्या मध्यवर्ती स्टेशनांवर थांबा लांबतो ही तिथली कायमची रड आहे. डब्याला एका बाजूने दोनच दारं. 2019 मध्ये सिडनीने नवी मेट्रो सुरू केली ती एकमजली, तीन दारांच्या डब्यांची.

पॅरिसच्या आरईआर ए या शहर आणि उपनगरं जोडणाऱ्या मार्गाने वेगळा तोडगा काढला. 1997 पासून तिथे दुमजली गाड्या आल्या, पण डब्याला तीन रुंद दारं आणि दारांशी ऐसपैस मोकळी जागा ठेवून. आसनं थोडी गेली, चढ-उतार सुटसुटीत झाला. मुंबईत कधी कोणी हा विषय गंभीरपणे काढलाच तर या गाडीचा अभ्यास करावा लागेल. नुसत्या आसनसंख्येचे आकडे दाखवून भागणार नाही.

वर बसावं की खाली?

आपल्याकडे दोन्ही मजल्यांचं भाडं एकच, एसी चेअर कारचं. आसन क्रमांकावरून मजला ठरतो.

बाहेर बघायचं असेल तर वर. भिंती, कुंपणं, फलाटावरची गर्दी सगळं खाली राहतं आणि नजर लांब जाते. मात्र खिडकीकडच्या बाजूला छत वळत खाली येतं, त्यामुळे उंच माणसाने उठताना डोकं सांभाळावं. झोपायचं असेल, मळमळायचा त्रास असेल किंवा सोबत लहान मूल असेल तर खाली. टोकाची मधली पातळी मिळाली तर जिना चुकतो, छत उंच असतं, सामान ठेवायला जरा बरं. तोटा एवढाच की दार आणि स्वच्छतागृह शेजारी, सतत ये-जा.

गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा व्हीलचेअरवाल्यांनी काय करावं?

मधली पातळी मिळाली तरच ही गाडी घ्यावी, नाहीतर दुसरी बघावी. स्पष्टच सांगतो, जिने उभे आहेत, अरुंद आहेत आणि गाडी हलत असताना उतरणं धडधाकट माणसालाही कठडा धरल्याशिवाय जमत नाही. परदेशात बऱ्याच ठिकाणी फलाट खाली असल्यामुळे खालच्या मजल्यात थेट आत जाता येतं. टोरांटोच्या गो ट्रेनमध्येही वयस्कर मंडळी खालीच बसतात. आपले फलाट उंच, त्यामुळे आपल्याला आधी वर चढून मग खाली उतरावं लागतं.

वर वजन आलं की गाडी उलटायची भीती असते का?

नसते. चाकं, सांगाडा, खालचा मजला हे सगळं जड सामान खालीच आहे. वर झोका थोडा जास्त जाणवतो, विशेषतः वळणावर आणि रूळ बदलताना. एअर स्प्रिंगमुळे तो बराच कमी होतो.

ओव्हरहेड वायरला लागत नाही?

नाही. वायर सर्वसाधारणपणे साडेपाच मीटरच्या आसपास असते, डबा साडेचारच्याही खाली. खरी अडचण खालून आणि बाजूने येते: फलाटाची कड, रुळालगतचे सिग्नलचे खांब, जुने पूल. डबा जिथे खाली उतरतो तिथेच त्याला रुंदी हवी असते, आणि फलाट नेमका तिथेच पुढे आलेला असतो.

झोपायच्या बर्थ असलेली दुमजली गाडी असते का?

असते. रशियात 2013 पासून मॉस्को आणि काळ्या समुद्राकाठच्या आदलेर यांच्यामध्ये दुमजली शयनयान धावतं. तिथे साध्या कंपार्टमेंट डब्यात 36 बर्थ, दुमजलीत 64. अमेरिकेत अॅमट्रॅक या रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या सुपरलायनर गाड्या आहेत, जवळजवळ पाच मीटर उंच. आपल्याकडे साध्या डब्यातच तीन-तीन बर्थ एकावर एक असतात. म्हणजे उंचीचा वापर आपण आधीच करून बसलोय. तिथे आणखी मजला घालून हाती फारसं लागणार नाही.

उदय एक्स्प्रेस म्हणजे काय?

2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात जाहीर झालेली दुमजली एसी गाड्यांची मालिका. पहिली जून 2018 मध्ये कोइंबतूर-बंगळुरू, दुसरी सप्टेंबर 2019 मध्ये विशाखापट्टणम-विजयवाडा. महाराष्ट्राच्या वाट्याला आली नाही.

बुलेट ट्रेन दुमजली असते का?

फ्रान्समध्ये असते. टीजीव्ही डुप्लेक्स 1996 पासून धावते, ताशी 320 किमीपर्यंत. तिथे अट कडक होती: एका आसावर 17 टनांपेक्षा जास्त भार नाही. म्हणून डब्यांचा सांगाडा अॅल्युमिनियमचा केला. या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात वरच्या मजल्यावरून जातात, कारण दोन डब्यांमधली चाकं सामाईक आहेत आणि खालची वाट त्यांनी अडवलेली असते. बार डब्यातही वरच बसायचं.

जपानने उलटा प्रवास केला. 1994 पासून त्यांच्याकडे पूर्ण दुमजली शिंकान्सेन, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेन, होत्या. 1997 मध्ये आलेल्या ई4 या दुमजली गाडीचे दोन संच जोडले की 1,634 आसनं व्हायची. सकाळी टोकियोत येणाऱ्या नोकरदारांसाठी ती होती. पण तिचा वेग 240 किमीवर थांबायचा आणि तिच्या मागून येणाऱ्या नव्या गाड्या त्याहून बऱ्याच वेगवान. एकाच मार्गावर एक गाडी संथ असली की सगळ्यांचं वेळापत्रक तिच्या तालावर चालतं. ऑक्टोबर 2021 मध्ये जपानने ती शेवटची दुमजली शिंकान्सेन सेवेतून काढली. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी निवडलेलं तंत्रज्ञानही जपानचंच आहे, एकमजली गाड्यांचं.